मागणी रक्तात, पुरवठा ऊतींत

मधुमेह हा साखरेचा विकार म्हणून ओळखला जात असला, तरी दीर्घकाळात त्यातून होणारी हानी मुख्यतः रक्तवाहिन्यांची असते, आणि या हानीत एक मोठी विसंगती आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलावर नको तेथे नव्या, कच्च्या आणि गळक्या वाहिन्या फुटतात. त्याच रुग्णाच्या हृदयात किंवा पायात मात्र, जेथे मुख्य धमनी अरुंद झाल्यामुळे आडवाटेच्या वाहिन्या वाढणे निकडीचे असते, तेथे त्या पुरेशा वाढत नाहीत. एकाच देहात वाढीचा अतिरेक आणि तुटवडा असा शेजारी शेजारी नांदत असताना, या वाढीला चालना देणारी द्रव्ये रक्तात मोजून हृदयाविषयी काही सांगता येईल का, या प्रश्नावर अभ्यासकांत दोन तट पडलेले दिसतात.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. असलेल्या वाहिनीतून नवी वाहिनी फुटण्याच्या क्रियेला वाहिनीजनन म्हणतात. प्राणवायूला मुकलेल्या दृष्टिपटलातून एखादे द्रव्य पाझरत असावे आणि तेच वाहिन्यांना बोलावून घेत असावे, असे अनुमान आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडले, आणि कर्करोगाच्या गाठीही अशाच रीतीने स्वतःसाठी रक्तपुरवठा उभा करतात, हा सिद्धान्त ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. वाहिन्या गळक्या करणारे एक प्रथिन डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने १९८३ मध्ये वेगळे काढले. वाहिनीच्या आतील अस्तरपेशींची वाढ घडवणारे प्रथिन नेपोलिओन फेरारा व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हाती घेतले, तेव्हा ही दोन्ही एकच असल्याचे उघड झाले. त्या प्रथिनाला आज व्हीईजीएफ म्हणतात. प्राणवायू कमी पडला की एचआयएफ नावाचे प्रथिन, जे एरवी तयार होताच मोडले जाते, पेशीत टिकून राहते आणि व्हीईजीएफचे जनुक जागे करते. पेशीला प्राणवायूची चाहूल कशी लागते याच्या या उलगड्यासाठी २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पुढील संवादात या दोन तटांच्या भूमिका दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहे जीवरसायनाची संशोधिका, जिचा रक्तातील दर्शकांवर, म्हणजे रोगाची चाहूल देणाऱ्या मोजण्याजोग्या द्रव्यांवर, विश्वास आहे. दुसरे आहेत मधुमेही हृदयरुग्णांवर अनेक वर्षे उपचार केलेले ज्येष्ठ चिकित्सक, ज्यांना प्रत्येक नव्या तपासणीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो हे ठाऊक आहे.

संशोधिका : सर, प्राणवायूच्या टंचाईपासून व्हीईजीएफपर्यंतची साखळी आता कडीन् कडी माहीत आहे, आणि त्याच्या जोडीला अँजिओपोएटिन ही प्रथिनांची जोडीही हाती आली आहे. टाय-२ नावाचा ग्राही, म्हणजे संदेश झेलणारे प्रथिन, अस्तरपेशींवर असतो. अँजिओपोएटिन-१ त्याला चिकटले की वाहिनीची भिंत शांत आणि घट्ट राहते, आणि अँजिओपोएटिन-२ बहुतेक वेळा या शांततेत खोडा घालून भिंत सैल करते, जेणेकरून व्हीईजीएफला तेथून नवी शाखा काढता यावी. बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये ही तिन्ही द्रव्ये मधुमेहींच्या रक्तात मोजली, तेव्हा व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२ निरोगी लोकांपेक्षा स्पष्टपणे वाढलेली आढळली, अँजिओपोएटिन-१ मात्र नाही. भिंत सैल करणारे वाढले आणि घट्ट ठेवणारे तेवढेच राहिले, यापेक्षा बोलके चित्र कोणते हवे?

चिकित्सक : मॅडम, त्याच अभ्यासातले दुसरे वाक्य सोडून चालणार नाही. ही वाढ हृदयविकार असलेल्या मधुमेहींत होती, आणि नसलेल्यांतही होती. समोर बसलेल्या रुग्णाला मधुमेह आहे हे कळायला साखरेची तपासणी पुरते. त्याच्या हृदयाच्या धमन्यांचे काय झाले आहे हे जर या आकड्यातून वेगळे कळत नसेल, तर रिपोर्टवर आणखी एक ओळ वाढण्यापलीकडे त्यातून काय साधणार?

संशोधिका : हृदयविकार दिसण्याआधीच आकडा वाढलेला असणे ही उणीव कशी ठरते? धमनी तुंबण्याच्या कितीतरी आधी अस्तर बिघडलेले असते, आणि त्या अभ्यासात साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या तिन्हींवर एकत्र कसून उपचार केल्यावर व्हीईजीएफ खाली आले, हेही नोंदवलेले आहे. उपचाराला प्रतिसाद देणारे द्रव्य निरुपयोगी म्हणता येत नाही.

चिकित्सक : खाली आले ते कोठून आले, हे कोणी सांगावे? रक्त सगळ्या शरीराचे एकच आहे. उन्हाळ्यात तहसील कचेरीत टँकरच्या मागणीचे अर्ज किती आले हे मोजले, तर तालुक्यात तहान किती आहे याचा अंदाज येतो. पण कोणत्या वाडीवर टँकर पोहोचला आणि कोठे नुसताच अर्ज पडून राहिला, हे त्या गठ्ठ्याच्या जाडीवरून कळत नाही. व्हीईजीएफ हा असा अर्ज आहे, आणि तो डोळा, मूत्रपिंड, चरबी, हृदय अशा सगळ्या ठिकाणांहून एकाच टपालात पडतो.

चिकित्सकांचा हा आक्षेप तपशिलात तपासण्याजोगा आहे, कारण १९९४ मध्ये बॉस्टनच्या लॉइड आयेलो व सहकाऱ्यांनी जे दाखवले त्याचे मर्म नेमके याच ठिकाणी आहे. त्यांनी व्हीईजीएफ मोजले ते डोळ्यातील द्रवात; दृष्टिपटलावर नव्या वाहिन्या फुटत असलेल्या रुग्णांच्या त्या द्रवात ते भरपूर होते, आणि लेसर उपचार यशस्वी झाल्यावर घटलेले होते. नमुना आणि रोग एकाच पोकळीत असल्यामुळे आकड्याचा अर्थ लावताना संदिग्धता उरली नाही. दंडाच्या शिरेतून काढलेल्या रक्ताला ही सोय नसते.

शिवाय त्या रक्ताचे पुढे काय केले जाते, यावरही आकडा बदलतो. रक्त साध्या नळीत गोठू दिले आणि वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, तपासला, तर गोठताना प्लेटलेटांनी आपल्या पोटातला साठा बाहेर टाकलेला असतो, आणि त्या साठ्यात व्हीईजीएफ मोठ्या प्रमाणात असते. त्यामुळे सीरममधील आकडा प्लाझ्मातील आकड्याच्या कितीतरी पट भरतो. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट किंवा जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असल्यामुळे रक्त गोठत नाही आणि प्लाझ्मा मिळतो, परंतु नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला उशीर झाला, किंवा वेग कमी पडून काही प्लेटलेट वरच द्रवात राहिल्या, तर तोही आकडा फुगतो. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकमेकांशेजारी मांडून सरासरी काढणारे लेख वाचताना नळीच्या झाकणाचा रंग विचारला, तर अनेक दावे आपोआप सौम्य होतात.

संशोधिका : नळीची चूक दर्शकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्या एचबीएवनसी चाचणीवर आज सारे मधुमेहतज्ज्ञ विसंबतात, तिचे काय झाले? सॅम्युएल राहबर यांनी मधुमेहींच्या रक्तातील त्या वेगळ्या हिमोग्लोबिनची नोंद १९६० च्या दशकाच्या अखेरीस केली. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एका मापात आणण्याचा कार्यक्रम अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झाला. आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने निदानासाठी ६.५ टक्के ही रेषा २०१० मध्ये मान्य केली. चार दशके धीर धरला म्हणून ती चाचणी आज हाताशी आहे.

चिकित्सक : धीर धरण्याला हरकत नाही, पण त्या दोन गोष्टींची जात एक नाही. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिनला जी साखर प्रत्यक्ष चिकटली तिचे माप, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा परिणाम. व्हीईजीएफ हा परिणाम नसून निरोप आहे, आणि मधुमेहात निरोप ऐकणाऱ्यांचेच कान गेलेले असतात. योहानेस वाल्टेनबर्गर यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले की मधुमेहींच्या रक्तातील मोनोसाइट या पेशी, ज्या आडवाटेच्या वाहिन्या रुंद करण्याच्या कामी लागतात, व्हीईजीएफच्या दिशेने नीट सरकतच नाहीत. म्हणजे आकडा चढलेला असताना हृदयात काम जोरात चालू आहे असे मानावे, की कोणी ऐकत नाही म्हणून हाका वाढल्या आहेत असे?

संशोधिका : दोन्ही शक्य आहेत, म्हणूनच एकट्या व्हीईजीएफवर विसंबू नये. अँजिओपोएटिन-२ अस्तरपेशींतच सूक्ष्म कोठारांत साठवलेले असते, रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रांड घटकाच्या शेजारी, आणि पेशीला धक्का बसला की काही मिनिटांत बाहेर पडते. ते निरोपापेक्षा त्रासलेल्या भिंतीची खूण अधिक आहे. अशी दोन-तीन द्रव्ये एकत्र वाचली, तर एकट्या आकड्यातली संदिग्धता कमी होईल.

चिकित्सक : किंवा तीन संदिग्धतांची बेरीज होईल. या विषयातला उत्साह एकदा रुग्णांच्या धमन्यांपर्यंत पोहोचला होता, हे विसरता येत नाही. व्हीईजीएफ कमी पडते म्हणून वाहिन्या वाढत नाहीत, तर ते बाहेरून द्यावे, या विचाराने छातीत दुखण्याने बेजार झालेल्या १७८ रुग्णांवर झालेल्या विवा या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयाच्या धमनीतून एकदा आणि नंतर शिरेतून तीनदा ते प्रथिन देण्यात आले, आणि ६० दिवसांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या क्षमतेत ज्यांना नुसतेच निष्क्रिय द्रव दिले होते त्यांच्यापेक्षा काही फरक आढळला नाही, कारण त्या निष्क्रिय द्रवाच्या रुग्णांतही सुधारणा झाली होती.

संशोधिका : पण त्या चाचणीत १२० व्या दिवशी जास्त मात्रा मिळालेल्यांच्या छातीतील दुखण्याची पायरी सुधारली होती, आणि रक्तात फार काळ न टिकणारे प्रथिन चार वेळा देऊन वाहिनीसारखी रचना उभी राहावी, ही अपेक्षाच अवाजवी होती. औषध म्हणून ते फसले, यावरून खूण म्हणून ते खोटे ठरत नाही.

संशोधिकेचे हे उत्तर तर्काला धरून असले, तरी खुणेचा अर्थ चांगला की वाईट हे त्यातून ठरत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. धमनीच्या भिंतीत साचणाऱ्या चरबीच्या थराला, ज्याला प्लाक म्हणतात, स्वतःच्या बारीक वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असल्यामुळे थराच्या आत रक्तस्राव होऊन थर फुगू किंवा फाटू शकतो. कॅरेन मोल्टन, फोकमन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उंदरांत वाहिनीजनन रोखणारी द्रव्ये दिली, तेव्हा या थरांची वाढ मंदावली. २००१ मध्ये दुसऱ्या एका गटाने प्राण्यांना उलट व्हीईजीएफ दिले, तेव्हा थर झपाट्याने वाढले. म्हणजे तुंबलेल्या धमनीपलीकडच्या स्नायूत हवीहवीशी असणारी वाढ त्याच धमनीच्या भिंतीत घातक ठरते, आणि या दोन्ही जागांमधले अंतर काही मिलिमीटरच असते.

व्हीईजीएफ नुसते दाबून टाकणे हाही मार्ग नाही, हे कर्करोगाच्या उपचारांतून कळले. २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेव्हासिझुमॅब हे प्रतिपिंड व्हीईजीएफला जखडून ठेवते, आणि ते शिरेतून घेणाऱ्या रुग्णांत रक्तदाब चढणे, लघवीतून प्रथिने जाणे आणि धमनीत गुठळी होणे असे परिणाम दिसतात, कारण निरोगी वाहिन्यांच्या रोजच्या देखभालीलाही या प्रथिनाची थोडी मात्रा लागते. तेच औषध अगदी अल्प प्रमाणात थेट डोळ्यात टोचले, तर दृष्टी वाचते. त्यापाठोपाठ डोळ्यासाठीच बेतलेले रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये, आणि व्हीईजीएफ व अँजिओपोएटिन-२ या दोघांनाही एकाच वेळी अडवणारे फॅरिसिमॅब २०२२ मध्ये आले.

संशोधिका : त्या शेवटच्या औषधातच उत्तर आहे, सर. अँजिओपोएटिन-२ हे निव्वळ सोबतीला वाढणारे द्रव्य असते, तर त्याला अडवण्यासाठी औषध घडवण्याचा खटाटोप कोणी केला नसता.

चिकित्सक : डोळ्यात! प्रत्येक यशाची गोष्ट डोळ्यात घडते, जेथे रोग, नमुना आणि सुई एका जागी येतात. दंडातून रक्त घेऊन वाहिनीजननाच्या दर्शकाने एखाद्या रुग्णाचा निर्णय बदलला, असे एक तरी उदाहरण दाखवावे.

संशोधिका : गरोदर स्त्रियांचे. गर्भारपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सिया या विकारात वारेतून एसफ्लिट-१ नावाचा मोकळा ग्राही रक्तात सांडतो. तो व्हीईजीएफला आणि त्याच्याच कुळातील पीएलजीएफला मध्येच बांधून टाकतो, आणि आईच्या वाहिन्या उपाशी राहतात. आनंथ करुमांची यांच्या गटाने २००३ मध्ये ही यंत्रणा मांडली, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढचा आठवडाभर हा विकार होणार नाही, असे ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने सांगता आले. नमुना दंडातलाच होता.

या उदाहरणापुढे चिकित्सकांना माघार घ्यावी लागते, आणि ती त्यांनी घ्यावीच. कारण रक्तातून वाहिन्यांविषयी काही कळतच नाही, ही त्यांची मूळ भूमिका येथे टिकत नाही. मात्र याच उदाहरणाने संशोधिकेच्या भूमिकेलाही मर्यादा पडते. वार हे एकच आणि मोठे उगमस्थान आहे, गर्भारपणाबाहेर ते अस्तित्वातच नसते, प्रसूतीनंतर गेले की रक्तातील आकडाही उतरतो, आणि डॉक्टरांना उत्तर हवे असते ते पुढच्या सात दिवसांपुरते. मधुमेही हृदयरुग्णात यांपैकी एकही अट पुरी होत नाही: उगमस्थाने अनेक आहेत, ती वर्षानुवर्षे एकमेकांत मिसळत राहतात, आणि प्रश्न पुढच्या दहा वर्षांचा असतो. ही कसोटी लावली, की सर्वांगीण तपासणीच्या पॅकेजमध्ये व्हीईजीएफचा आकडा घालून त्याला 'हृदयाच्या धोक्याचा इशारा' म्हणून विकण्याला आज तरी शास्त्रीय आधार उरत नाही.

चिकित्सक : आणखी एक गोष्ट राहिली. व्हीईजीएफची रक्तातील पातळी माणसामाणसांत इतकी वेगळी असते त्याचा मोठा वाटा आनुवंशिक आहे. २०११ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात मोजक्या जागांवरील फरकांनीच या वेगळेपणाचा जवळजवळ निम्मा हिशेब लागला. मग जन्मतःच ज्याचा आकडा उंच, त्याला रोगी म्हणायचे काय? शिवाय चरबीच्या पेशीही व्हीईजीएफ स्रवतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की वजनाच्या काट्यावर सडसडीत दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात त्याच बीएमआयच्या युरोपीय माणसापेक्षा जास्त चरबी असते, आणि हा फरक नवजात बाळांतही दिसतो. युरोपीय रक्तांवरून आखलेली रेषा येथे जशीच्या तशी लावायची कशी?

संशोधिका : लावायची नाही. एकाच रुग्णाचा आजचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडायचा. म्हणजे जनुकांचा वाटा दोन्हीकडे सारखाच राहतो आणि आपोआप वजा होतो. आणि नुसता रक्ताचा आकडा न घेता त्याच्या जोडीला पुरवठा प्रत्यक्ष मोजायचा. ज्या मधुमेही रुग्णांना एरवीही फुगा फुगवून धमनी मोकळी करण्यासाठी टेबलावर घेतलेलेच असते, त्यांच्यात फुगा फुगवल्यावर धमनी मिनिटभर बंद असते. तेवढ्या वेळात फुग्यापलीकडचा दाब बारीक तारेने मोजला, तर तो दाब आडवाटेच्या वाहिन्यांतूनच आलेला असणार. त्याच दिवशी डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र आणि लघवीतील अल्ब्युमिनही घेतले, तर मागणीच्या आकड्यातला कोणता भाग डोळ्याचा, कोणता मूत्रपिंडाचा आणि कोणता हृदयाचा, याची वाटणी करून पाहता येईल.

चिकित्सक : दाबाची तार महाग असते, आणि केवळ संशोधनासाठी ती रुग्णाच्या बिलात चढता कामा नये.

संशोधिका : ती संशोधनाच्या निधीतूनच यायला हवी, आणि नीतिसमितीपुढच्या अर्जात तसे स्पष्ट लिहिलेले हवे.

चिकित्सक : मग त्या अर्जात आणखी एक कलम असू द्यावे. कॅथलॅबमध्ये रुग्णाला तार घालण्यापूर्वी हेपरिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिले जाते, आणि हेपरिन मिळताच अस्तरपेशींच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेला एसफ्लिट-१ सुटून रक्तात येतो. त्यानंतर काढलेल्या नमुन्यात रुग्णाचा आजार मोजला जाणार नाही, इंजेक्शन मोजले जाईल. म्हणून मनगटाच्या धमनीत नळी बसवताच, हेपरिनची सिरिंज हातात घेण्यापूर्वी, नमुना सायट्रेटच्या नळीत काढायचा, आणि सेंट्रिफ्यूज कॅथलॅबच्या शेजारच्या खोलीत असला पाहिजे, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये नव्हे.